वल्ह्यांच्या मांडवाखाली

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६. जेरुसलेम

माझं लग्न झालेलं आहे की काय!

आम्ही मुली राहून धर्म शिकतो त्या या घरात सकाळच्या तासाला रबनित फ्रूमा, आमच्या गुरुपत्नी, विवाहाचे ज्यू नियम शिकवत होत्या. पुस्तक उघडायच्या आधीच त्यांनी बोटातली अंगठी काढली आणि टेबलावर टकटक वाजवली. "काय लागतं, मुलींनो? मुलाच्या मालकीची एखादी वस्तू, कवडीमोलाची असली तरी चालेल. दोन साक्षीदार. आणि त्याने म्हटलेलं एक वाक्य. मुलीने ती वस्तू हातात घेतली की संपलं! बँड नको, जेवणावळ नको, रब्बीसुद्धा नको." माझ्या खोलीतली हेन्या मागच्या बाकावरून म्हणाली, "मग बसमध्ये मला सुटे पैसे देणाऱ्याशी माझं लागलेलंच आहे म्हणायचं!" सगळा वर्ग हसला. रबनितसुद्धा हसल्या.

मी वही मिटून टाकली.

काही वर्षांपूर्वीचं, कॅनडात विनिपेगच्या उत्तरेला तळ्याकाठचं ते उन्हाळी शिबिर. मी एकोणीस वर्षांची, धाकट्या मुलींची ताई. शेवटच्या आठवड्यात पोरांना आपल्या लोकांचं लग्न कसं असतं ते करून दाखवायचं ठरलं. होडीची चार वल्ही उभी केली, वर चादर बांधली, झाला मांडव. मच्छरदाणीचा बुरखा. नवरी मी, कारण पांढरा फ्रॉक माझ्याकडेच होता. नवरा मिच झॅक. तो होड्या सांभाळायचा. आणि शाया! स्वयंपाकघरात खाण्याचे धर्मनियम पाळले जातात की नाही ते बघायला ठेवलेला, सगळ्या शिबिरात दाढी असलेला एकटा. त्याच्या अंगात उत्साह संचारला — "खरं वाटलं पाहिजे!" त्याने आमच्यातल्याच कोरीला ओढून शेजारी उभं केलं आणि मोठ्याने सांगितलं, आम्ही दोघेच साक्षीदार, बाकी कुणी नाही. मिचने हिब्रूतलं ते वाक्य न अडखळता म्हटलं. अंगठी घातली. पोरं बोंबलली, आम्ही सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं. संध्याकाळी मी अंगठी परत देऊन टाकली.

साक्षीदार दोन. वाक्य बरोबर. अंगठी.

आणि पुढच्या महिन्यात हनुकाच्या सणात नफ्ताली मला लग्नाचं विचारणार आहे. सगळ्या घराला माहीत आहे. हेन्याने माझा ड्रेससुद्धा ठरवून ठेवलाय.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सकाळच्या प्रार्थनेत तीच ओळ तीनदा वाचली. कुणाला सांगू?

गुरुवार, १४ नोव्हेंबर

हेन्याला सांगितलं. शब्बाथच्या पावाचं पीठ मळायची पाळी आमच्या दोघींची होती. घरात एवढ्या मुली, खोलीत चौघी, न्हाणीघराबाहेर रांग — दोघींना एकांत मिळतो तो फक्त या परातीपाशी. हेन्या मँचेस्टरची, तिकडे केस कापायची. तेव्हा तिचं नाव हेदर होतं, माझं मार्सी. आता ती हेन्या, मी तिर्झा. बोलायला लागली की कात्रीसारखी चालते अजून.

आधी ती पोट धरून हसली. "वल्ह्यांचा मांडव! अगं, निदान फोटो तरी आहे का?" मग माझं तोंड बघून गप्प झाली. "बरं, समज लागलं लग्न. त्यात काय एवढं! त्या बाबाला म्हणावं, एक सोडचिठ्ठी दे. रब्बी लिहून घेतील, तो देईल, तू मोकळी. रडतेस काय?"

"हेन्या, नफ्तालीचं आडनाव काय?"

"रॅपपोर्ट." आणि पिठाचा हात तसाच तोंडावर गेला.

रॅपपोर्ट म्हणजे कोहेन. पुरोहितांचा वंश. कोहेनला सोडचिठ्ठी घेतलेली बाई चालत नाही. नुसत्या शंकेपोटी घेतलेली, रब्बींनी खबरदारी म्हणून घ्यायला लावलेली असली तरीही नाही. म्हणजे दुसरी कुणी असती तर एका कागदाने सुटली असती. मी तो कागद हातात घेतला की नफ्ताली गेला. न घेतला, आणि लग्न खरं असलं, तर मी दुसऱ्याची बायको आहे — तरीही गेला. मला एकच वाट आहे. ते लग्न मुळात लागलंच नव्हतं, असं निघायला हवं.

"कुणाला बोलू नकोस," मी म्हटलं.

"मी? मी कधी बोलते?" हेन्या म्हणाली. देवा!

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मेणबत्त्या लावायची वेळ होत आली. नफ्तालीचा 'शब्बाथ शालोम' म्हणायला फोन आला. मी अंघोळीला गेलेय असं सांगायला लावलं. दरवाजामागेच उभी होते, केस कोरडे.

रविवार, १७ नोव्हेंबर

सगळा शब्बाथ रबनित फ्रूमांच्या नजरेला नजर दिली नाही. आज त्यांनीच धरलं. जिन्यात. "तिर्झा, दोन दिवस तू जेवली नाहीस, बटाट्याचं कुगेलसुद्धा टाकलंस. माझं कुगेल कुणी टाकत नाही." मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "मला नको. विवाहाचं असेल तर एक शब्द मला सांगू नकोस. रब्बी ओस्त्रोवकडे जा. आत्ता. कोट घाल."

रब्बी ओस्त्रोव वरच्या आळीत राहतात. दार किंचित उघडं ठेवलेलं, पलीकडच्या खोलीत त्यांची बायको बटाटे सोलत बसलेली, म्हणजे आम्ही दोघेच खोलीत असं होऊ नये. तेलाचा हीटर, काचेच्या पेल्यात चहा. मला वाटलं होतं, रागावतील. ते कान देऊन ऐकत राहिले, मध्येच फक्त शायाच्या नावापाशी डोळे मिटले. "त्या मुलाला दाढी आली, डोकं कधी येणार होतं?" पलीकडून बायको हसली.

मग एकेक विचारत गेले. वाक्य पुरं म्हटलं? पुरं. दोघेच साक्षीदार, असं ठरवून सांगितलं? सांगितलं. "हे बरं झालं," म्हणाले. "म्हणजे बाकी कुणी धरायचं नाही. आता, तो दुसरा. कोरी. तो त्या काळात शब्बाथ पाळायचा का, शनिवारी काम, गाडी, दिवे सगळं बंद ठेवायचा का? जो उघडपणे मोडतो, त्याची साक्ष इथे चालत नाही. दोघांतला एक गळला की सगळं गळलं."

मला इतकं हसू आलं की चहा सांडला. कोरी! आमच्या भागात डुकराचं मांस तळल्याचा वास आला की समजावं, कोरी जवळपास आहे.

"खात्री करून घ्या," रब्बी म्हणाले. "आणि अंगठी त्या मुलाच्या मालकीची होती का, तेही. दुसऱ्याच्या वस्तूने लग्न लागत नाही."

निघताना मी विचारलं, "आणि आमच्या मनात काय होतं, ते? आम्ही तर नाटक करत होतो."

"मनातलं मी विचारत नाही. मनातलं इथे धरत नाहीत. धरलं असतं तर एकही लग्न टिकलं नसतं."

जिना उतरताना हायसं वाटलं. त्यांनी मनातलं विचारलं नाही म्हणून. ते का, कळेना.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज प्रार्थनेत काय मागितलं असेल मी? कोरीने त्या उन्हाळ्यात मनसोक्त पाप केलेलं असू दे! शनिवारी गाडी चालवलेली असू दे, दिवे लावलेले असू देत, तळलेलं मांस हादडलेलं असू दे. इथे सकाळ-संध्याकाळ आम्ही मागतो की आपली सगळी माणसं परत या वाटेला लागोत. आणि मी एकटीच मागतेय, एक सोडून. हेन्या म्हणते, "एकाने काय बिघडतंय, बाकीच्यांसाठी मी मागते."

मंगळवार, १९ नोव्हेंबर

कोरीशी बोलले. कोपऱ्यावरच्या फोनवरून, कार्ड घालून. तिकडे सकाळ होती. तो बापाच्या गालिच्यांच्या दुकानात होता.

"मार्सी! परत येतेयस?"

"नाही रे. एक विचित्र विचारायचंय. शिबिराच्या त्या शेवटच्या उन्हाळ्यात तू शब्बाथ पाळायचास का?"

त्याचा आवाज एकदम हळू झाला — "तुला कुणी सांगितलं?"



"शायाने मला पटवलं होतं," तो म्हणाला. "पुरा उन्हाळा, मार्सी. शनिवारी होडीला हात लावला नाही. बत्ती लावली नाही. डुकराचं मांस सोडलं, कोळंबी सोडली. पोरं चिडवतील म्हणून बोललो नाही कुणाला. मग हॉकी सुरू झाली, शनिवारच्या मॅचेस... गेलं ते." आणि मग किती आनंदाने म्हणाला, "तुला ऐकून बरं वाटलं असेल ना? तू आता यातलीच!"

"खूप बरं वाटलं," मी म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच रडले. मागे एक म्हातारे थांबले होते फोनसाठी. त्यांनी आपला रुमाल पुढे केला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

कधी नव्हे ते एका उन्हाळ्यात तो सुधारला, आणि तोसुद्धा नेमका तोच उन्हाळा!

बुधवार, २० नोव्हेंबर

आता फक्त अंगठी उरली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

नफ्तालीला सांगितलं. आणखी टाळणं नीचपणाचं झालं असतं.

नेहमीच्या हॉटेलच्या खालच्या दालनात. आमच्यासारख्याच तीन-चार जोड्या, प्रत्येकीपुढे एक पेला सोडा, प्रत्येक मुलगा टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला. नफ्ताली क्लॅरिनेट दुरुस्त करतो. क्लीव्हलंडहून आला तेव्हा वाजवायचा, रात्रीच्या क्लबांत. ते सोडलं, दुरुस्ती धरली. त्याची बोटं बोलताना टेबलावर भोकं शोधत असतात. मी सांगायला लागले आणि बोटं थांबली.

मला वाटलं, उठून जाईल. तो म्हणाला, "वल्ही कसली होती?"

"काय?"

"लाकडी की ॲल्युमिनियमची?"

"लाकडी."

"छान दिसलं असेल." आणि तो खरोखरच हसला. मग हसू गेलं. म्हणाला, "इथे आलो तेव्हा पहिल्यांदा मला कुणी सांगितलं की तू कोहेन आहेस, रोज सकाळी पुढे जाऊन सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा. मी म्हटलं, मी? माझ्या हातांनी? ते हात काय काय करून आलेत माहीत आहे का! रब्बी म्हणाले, हात तुझे नाहीत, उचल. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही मी." थोड्या वेळाने — "तुझ्यासाठी ते सोडेन असं म्हणायला आवडलं असतं मला, तिर्झा. पण म्हणता येत नाही."

"म्हणूही नकोस," मी म्हटलं.

"रब्बींवर सोपवलंयस ना? मग थांबू या." टॅक्सीपर्यंत सोडायला आला, हातभर अंतर ठेवून. इतका चांगला माणूस आहे हा. मला चांगल्या माणसाची भीती का वाटावी?

शनिवार, २३ नोव्हेंबर (शब्बाथ संपल्यावर)

मिचला फोन करायला हवा. रब्बींनी बजावलंय, "काय उत्तर हवं ते त्याला कळू देऊ नका. नुसतं विचारा, अंगठी कुणाची होती." अजून केला नाही. कार्ड संपलंय, असं हेन्याला सांगितलं. ते भरलेलं आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

आईला फोन करून मिचचा नंबर मागितला. आई आणि मिचची आई, पर्ल, दर बुधवारी माजाँग खेळायला एकत्र बसतात. कशाला हवाय ते सांगावं लागलं. सांगितल्यावर —

"मार्सी, नाही, तिर्झा, काय असेल ते! तुला दातांचं शिक्षण दिलं, नोकरी लागली, फ्लॅट घेऊन दिला. माझी भांडी चालत नाहीत म्हणून माझ्या घरी तू पाणीसुद्धा कागदी पेल्यातून पितेस, तेही मी चालवून घेतलं. आणि आता पोरवयातल्या नाटकात लग्न लागलं का म्हणून विचारतेस? त्या नाटकाला मी होते गं! पहिल्या रांगेत! तू नवरी होतीस आणि ते झॅकांचं पोर सशासारखं थरथरत होतं. लग्न कसलं, मला वाटलं त्याला ताप आलाय!"

थरथरत होतं. आई विसरत नाही काही.

नंबर दिला. तो आता पार उत्तरेला असतो, चर्चिलला, लोकांना अस्वलं दाखवतो. "बायको नाही," आई म्हणाली, मी विचारलं नसताना.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

मिचशी बोलले.

आवाज तोच. मागे वारा, कुणीतरी गाडी चालू करत होतं. मी नाव सांगितलं नाही, नुसतं "हॅलो" म्हटलं. तो म्हणाला, "मार्सी."

मी पाठ केल्यासारखं विचारलं. शिबिरातलं ते लग्न आठवतं का. आठवतं. अंगठी कुणाची होती?

"का?"

"सांगता येत नाही. नुसतं सांग."

"आमच्याच घरातली होती," मिच म्हणाला. मग म्हणाला, "तू कशी आहेस?"

"बरी आहे."

"त्या देवाच्या लोकांत बरं वाटतं?"

"वाटतं."

"मग चांगलं." आणि काहीतरी विचारायला गेला. "मार्सी, तुला कधी असं —" लाइन खरखरली आणि तुटली. की मी ठेवला? माझ्या हातानेच ठेवला असेल. खरं म्हणजे तसंच झालं.

त्यांच्या घरातली. म्हणजे त्याची. म्हणजे मी मिच झॅकची बायको आहे.

बुधवार, २७ नोव्हेंबर

ताप. हेन्याने वर्गात सांगितलं, सर्दी आहे. रबनित फ्रूमांनी रस्सा पाठवला, बरोबर कुगेलचा मोठा तुकडा.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

इथे निदान खरं लिहू. इथे कोण वाचतंय?

रब्बींनी मनातलं विचारलं नाही म्हणून मला हायसं का वाटलं, ते मला ठाऊक आहे. त्या दुपारी मांडवाखाली पोरं किंचाळत होती, शाया घाम पुसत होता, मच्छरदाणीतून सगळं धूसर दिसत होतं. मिचने अंगठी घातली तेव्हा मी हसणार होते. सगळे हसत होते. मी हसले नाही. मला वाटलं, हे असंच राहू दे. थोडाच वेळ, पण वाटलं. मग आइस्क्रीम आलं. तो होड्या आत घ्यायला गेला, मी पोरींना झोपवायला. दुसऱ्या दिवशी बस. तो काही बोलला नाही. मीही नाही. त्याच्या दृष्टीने नाटकच होतं ते, मी कशाला खुळ्यासारखं बोलू?

मनातलं धरत नाहीत. धरत नाहीत ते बरंच आहे!

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज मीच नफ्तालीला फोन केला. "काही कळलं?" म्हणाला. "अजून नाही," म्हटलं. खोटं बोलले, आणि तेही शब्बाथच्या तोंडावर. रब्बींना सांगायच्या आधी त्याला सांगवत नव्हतं, एवढंच काय ते.

रविवार, १ डिसेंबर

रब्बींकडे गेले. "आमच्याच घरातली होती," मिचचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि मान खाली घातली. सोडचिठ्ठी कशी मागवतात ते विचारायचं ठरवूनच गेले होते. नफ्तालीसाठी काय बोलायचं तेही जिन्यात मनात जुळवलं होतं.

रब्बींनी पेला खाली ठेवला. "घरातली, म्हणजे घरातल्या कुणाची?"

मी मान वर केली.

"घर म्हणजे माणूस नव्हे. बापाची? आईची? त्याला दिली होती, की मागून आणली होती? असं कसं निघून आलात तुम्ही, एवढंसं विचारून?" पलीकडच्या खोलीतून बायको म्हणाली, "अहो, पोरगी तापातून उठलीय." तेव्हा आवाज खाली आला. "शोधा. अर्धवट उत्तरावर मी कुणाचं आयुष्य ठरवत नसतो."

पुन्हा मिचला फोन करण्याची हिंमत नव्हती. आईला केला. म्हटलं, पर्लला विचार, पण नुसतं विचार, तू काही सुचवू नकोस.

"मी कधी सुचवते?" आई म्हणाली. हेन्याची बहीण शोभली असती.

सोमवार, २ डिसेंबर

आईचा फोन आला, घराच्या फोनवर, सगळ्या मुली जेवत असताना. मी वायर ताणून जिन्याखाली बसले.

"विचारलं बाई तुझ्या पर्लला. अगं, काय हसली ती! म्हणे, ती अंगठी? ती तर माझ्या सासूची! त्या पोराने म्हातारीच्या कपाटातून चोरली होती. न विचारता, शिबिराच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस घरी आला होता तेव्हा. म्हातारीने घर डोक्यावर घेतलं, धुणंभांडं करणाऱ्या बाईवर आळ घेतला, नाही नाही ते बोलली. शेवटी हा शिबिरातून आला आणि अंगठी टेबलावर ठेवून उभा राहिला. बापाने असा काय सोलून काढलाय, सगळा हिवाळा घरापुढचं बर्फ यालाच उपसायला लावलं. आणि कशाला नेली होतीस म्हणून विचारलं तर तोंडातून एक शब्द काढला नाही. आता तरी सांग, लागलं का तुझं लग्न?"

कोट उलटा घालून रब्बींकडे धावले. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग स्वतः चर्चिलला फोन लावला. पलंगाएवढा जुना काळा फोन, बायको दारात सोलणं हातात घेऊन उभी. इंग्रजी मोजकंच येतं त्यांना. "अंगठी आजीची? तिला विचारलं होतं? नाही? आधी नाही, नंतरही नाही? तिला कळलं तेव्हा ती रागावली?" ऐकता ऐकता चेहरा उजळत गेला. फोन ठेवून म्हणाले, "चोरलेल्या अंगठीने लग्न लागत नाही. ती त्याची नव्हतीच, मग तुम्हाला देणार काय? काही झालेलंच नाही. सोडचिठ्ठी नको, शंका नको. जा मुली, तुम्ही मोकळ्या आहात. मझल टोव!"

घरी येईपर्यंत हेन्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. (ती कधी बोलते?) मुलींनी मला धरून स्वयंपाकघरात गोल नाच केला. रबनित फ्रूमांनी भांड्यावर डाव वाजवला. कुणीतरी नफ्तालीला कळवलंही. उद्या येतोय, हनुकापर्यंत थांबणार नाही म्हणतो.

मी नाचले. हसले. सगळ्यांचे मुके घेतले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

मंगळवार, ३ डिसेंबर

शिबिराच्या सोंगांच्या पेटीत पितळेच्या अंगठ्या पडल्या होत्या, मुठीने उचलाव्यात इतक्या. मिचने त्यातली एक घेतली नाही. आजीच्या कपाटातली चोरून आणली.

नफ्ताली खाली आलाय. रब्बी म्हणतात, मी मोकळी आहे. मी नाही. हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळून चालणार नाही, मलाच खाली जावं लागेल.